मोजून केलेली चूक

हशा चौदा सेकंद आधी आला. चौदा हा आकडा मी नंतर ध्वनिमुद्रणावरून काढला. त्या क्षणी एवढंच कळलं की तो पाचव्या ओळीत यायला हवा होता आणि तिसऱ्या ओळीत आला. सुरुवात उजवीकडच्या मागच्या रांगांतून झाली. हशा एकदम फुटतो असं लोक म्हणतात, पण तसं होत नाही. आधी एखाद्याच्या नाकातून श्वास सुटतो, मग दोन-तीन जण घशातल्या घशात हुंकारतात, मग कुणीतरी बाई धीर करून मोकळी हसते आणि बाकीचे तिच्या आडोशाने हसून घेतात. हे सगळं दीड-पावणेदोन सेकंदांत उरकतं. मी सहाव्या रांगेत होते. शेजारच्या गृहस्थांचा गुडघा हलायला लागला, कारण ते हसू दाबत होते. स्टेजवर माझ्या नवऱ्याची भुवई किंचित वर गेली आणि खाली आली. आपल्या पाठीमागे कुणीतरी काहीतरी चावटपणा केला, असं त्याला वाटलं असावं. तो वाजवत राहिला. मलाही तसंच वाटून घेता आलं असतं, पण तो सूर मी ऐकला होता.

नवऱ्याच्या वाद्यवृंदातली माणसं मोसमाच्या शेवटच्या रविवारी दुपारी स्वतःचीच चेष्टा करतात. वर्षभर काळ्या कपड्यांत, चेहऱ्यावरची माशीही न उडवता बसणारी सत्तर माणसं त्या दिवशी मोकळी सुटतात. नगारेवाला बासरी घेतो, बासरीवाली वृंदासमोर छडी हलवणाऱ्या संचालकांची नक्कल करते, अगदी त्यांच्या घाम पुसण्यासकट, आणि संचालक मागे नगाऱ्यापाशी उभे राहून मुद्दाम उशिरा वाजवतात. कार्यक्रमपत्रिका ग्रंथपाल लिहितात. ग्रंथपाल म्हणजे स्वरलिपींची कपाटं सांभाळणारे, सडसडीत, कायम सर्दी झाल्यासारखे बोलणारे गृहस्थ. समीक्षकांची जड भाषा ते इतकी हुबेहूब उचलतात की एकदा एका खऱ्या समीक्षकाने त्यांचं वाक्य आपलं समजून पुढे वापरलं होतं. माझ्या नवऱ्याबद्दल त्यांनी पहिल्या वर्षी लिहिलेला मजकूर अजून दरवर्षी छापतात: 'प्रस्तुत कलावंताच्या वादनात मौनाला जे स्थान आहे ते पाहता त्यांनी वाजवले नसते तरी चालले असते, असे एका जाणकाराने म्हटले होते. ते जाणकार आज हयात नाहीत. कलावंत आहेत.'

नवरा त्या दिवशी जे सोंग घेतो त्याचं नाव नादब्रह्मांडनायक. एकोणीस वर्षांत ते झिजून नुसतं नायक झालं, आणि वाद्यवृंदात नवऱ्याला सगळे त्याच नावाने हाक मारायला लागले. नायक म्हणजे एक म्हातारा, जगविख्यात, स्वतःवर खूश असलेला व्हायोलिनवादक. छातीवर बशीएवढं पदक. पूर्वी केसांना पावडर लावावी लागायची, आता लागत नाही. तो येतो, रुमाल काढतो, घडी घालतो, घडी मोडतो, तारा लावतो, लागलेल्या तारा पुन्हा लावतो. मग एक सर्वांच्या ओळखीची, संथ, दुःखी रचना वाजवतो. पहिल्या चार ओळी तो अत्यंत सुंदर वाजवतो. थट्टेची सगळी तयारी तिथेच होते. लोक हसायला आलेले असतात आणि चार ओळींत त्यांचे खांदे खाली येतात, काहींचे डोळे मिटतात. पाचव्या ओळीत सर्वांत वरचा सूर आहे. तिथे नायक किंचित वर जातो. जास्त नाही. दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर बावीस भाग. पुढे पुन्हा तोच सूर येतो, पुन्हा बावीस, आणि चेहऱ्यावर समाधी. एवढंच. लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे.

"चुकायचं तर मोजून चुकायचं," तो म्हणतो. "दहावर चुकलो तर कुणाला कळणार नाही. चाळीसवर गेलो तर ती सर्कस." पहिल्या वर्षी त्याने स्वयंपाकघरात उभं राहून सराव केला होता. मी दवाखान्यातून कंपनं मोजायचं यंत्र घरी आणलं होतं. मी कान तपासते, तेच माझं काम. लेक तेव्हा पहिलीत होती, ओट्यावर पाय हलवत बसली होती आणि मी आकडे वाचत होते. बावीस, एकवीस, बावीस, तेवीस, बावीस. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि संसारात जसं होतं तसं आमचं बोलणं सामानाच्या यादीपुरतं उरलं होतं. त्या पाच आकड्यांनी मला पुन्हा त्याच्याकडे बघायला लावलं. इतकं नेमकं चुकणारा माणूस मी पाहिला नव्हता. हे मी कुणाला सांगत नाही. विनोद केला असं वाटतं लोकांना.

यंदा तिसऱ्या ओळीतला सूर खाली गेला होता. नायक खाली कधीच जात नाही, तो वर जातो, कारण तो गर्विष्ठ आहे. पण इतक्या बारीक फरकात वर की खाली हे लोकांना कळत नाही, नुसतं काहीतरी कललंय एवढं कळतं, आणि समोर पदक लावलेला माणूस असला की ते हसतात. मग पाचवी ओळ आली. त्याने नेहमीसारखी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि तो सूर लावला. सूर स्वच्छ लागला. अगदी मधोमध. सभागृह गप्प झालं. दुसऱ्यांदा तो सूर आला, पुन्हा स्वच्छ. त्याची मान मागे, समाधीचं तोंड, छातीवर ते बशीएवढं पदक, आणि निर्दोष सूर. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी माझ्या हातांकडे पाहिलं. तेही वाजवत होते.

मागच्या खोलीत गर्दी होती. चेल्लो वाजवणारी ताई, म्हणजे सगळे तिला ताईच म्हणतात, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "नायक, यंदा कमाल! तिसऱ्याच ओळीत पेरलंत? आणि खऱ्या जागी सरळ? आम्ही वाट बघतोय, बघतोय, आणि हा बाबा शुद्ध! अहो, पोट दुखलं माझं."

नवरा पदक काढत होता. पिन कापडात अडकली होती. "पेरलं म्हणजे?" तो म्हणाला आणि मग लगेच, "बदल नको का माणसाला? एकोणीस वर्षं तेच तेच."

"वहिनी, तुम्हाला आधी माहीत होतं ना?" ताईने मला विचारलं.

"मला काय सांगतोय तो," मी म्हटलं.

संचालक आले. ते यंदा निवृत्त होणार. सहा फूट उंच, पण कुणाशी बोलताना वाकतात. त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. "नायक, चार आठवड्यांनी माझा निरोपाचा कार्यक्रम. ही रचना ठेवतोय. तुम्ही वाजवायची. एकट्याने, पुढे उभं राहून. पदक नाही, रुमाल नाही. एकोणीस वर्षं चेष्टा केलीत, एकदा खरी ऐकू द्या आम्हाला."

मी अनेक माणसांना चांगली आणि वाईट बातमी ऐकताना पाहिलं आहे आणि पहिल्या सेकंदात दोन्हींचे चेहरे सारखेच दिसतात. नवऱ्याचा चेहरा तसा झाला. सव्वीस वर्षं तो व्हायोलिनांच्या चौथ्या बाकावर आतल्या बाजूला बसतो. पान उलटायचं काम त्याचं. पुढे उभं राहून वाजवायची संधी त्याला फक्त नायक म्हणून मिळाली, आणि नायक इतका चांगला जमला की दुसऱ्या कशासाठी त्याचं नाव कुणाच्या डोक्यातच येईना. "बघू," तो म्हणाला. मग पिन निघाली.

घरी परतताना तो गाडी चालवत होता आणि बोलत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. मधे एकदा मी हळू आवाजात म्हटलं, "सिग्नल लाल आहे." तो थांबला, पण माझ्या बोलण्यामुळे नाही. त्याला लाल दिसला होता.

दोन वर्षांपूर्वी तो एकदा म्हणाला होता, डाव्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. सुट्टीच्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं, दिवे लावले, त्याला त्या लहान बंद खोलीत बसवलं आणि काचेच्या अलीकडून आवाज सोडायला सुरुवात केली. ऐकू आलं की बटण दाबायचं. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता. उजवा कान ठीक निघाला. डाव्याची रेघ मध्यापर्यंत नीट चालली आणि मग पायरी चुकल्यासारखी खाली गेली. व्हायोलिन वाजवणाऱ्यांचं होतं असं, वाद्य त्या कानाशी असतं, तीस-तीस वर्षं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी आणखी एक चाचणी केली, जी सहसा करत नाही. एक उंच सूर उजव्या कानात, मग तोच डाव्या कानात. सारखे वाटतात का? तो म्हणाला, "दुसरा जरा चढा आहे." मी दुसरा थोडा उतरवला. "अजून." अजून उतरवला. "हां, आता." मी आकडा पाहिला. नऊ भाग. म्हणजे उंच सूर त्याचा डावा कान चढवून ऐकत होता, आणि तो सूर बरोबर वाटावा म्हणून त्याला तो तेवढाच खाली आणावा लागणार होता. बारा व्हायोलिनांच्या घोळक्यात बसलं की शेजारचे उजव्या कानाला सांभाळून घेतात. एकटं उभं राहिलं की कुणी नाही. गेल्या वर्षी ते नऊ कुणाला कळले नाहीत; यंदाच्या ध्वनिमुद्रणावर ते एकोणीस निघाले, म्हणजे बावीस वर गेलो असं त्याला वाटलं तेव्हा तो जेमतेम तीन वर होता.

तो खोलीतून बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "काय मग? पास?"

मी म्हटलं, "पास. वयाच्या मानाने छान आहे."

का म्हटलं हे मी खूप दिवस शोधलं. दया म्हणावी तर तसं काही आत हललेलं आठवत नाही. भीतीही नव्हती. दिवे बंद करायचे होते, यंत्रावर कापड घालायचं होतं आणि तो शब्द सगळ्यांत जवळ होता. भूल दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी तसं मी तेव्हापासून त्या जागेवरून फिरते. जागा आहे, फुगलेली आहे, माझी आहे असं वाटत नाही. रोज आठ-दहा माणसांना मी हेच सांगते. माझं वाक्य ठरलेलं आहे, आवाज ठरलेला आहे, ते ऐकून झाल्यावर पाण्याचा पेला पुढे करण्याची वेळ ठरलेली आहे. एका मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कपाळ चोळत बसले आणि म्हणाले, "म्हणजे वर्गात पोरं हसतात ती मी काहीतरी भलतंच ऐकतो म्हणून होय? मला वाटायचं, माझा तास रंगतो." त्यांना मी पेला दिला. त्यांनी तो पुरा प्यायला आणि पेला कुठे ठेवू असं विचारलं.

त्या चार आठवड्यांत घर त्या रचनेने भरून गेलं. मागच्या खोलीत सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड. सासूबाई पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही कानांत मीच बसवलेली यंत्रं आहेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली आणि हातावर एक यंत्र ठेवलं. "हे बिघडलंय बघ गं तुझं. याचं वाजवणं बेसूर येतंय यातून."

"कुठे बेसूर येतंय, आई?"

"वर गेला की. लहानपणापासून ऐकतेय मी त्याचं. माझ्या पोराचा सूर हलायचा नाही. यंत्रातच काहीतरी खोट आहे."

मी ते यंत्र संगणकाला जोडलं. त्यात काही बिघाड नव्हता. खरं तर ते फार चांगलं चाललं होतं. मी वरच्या कंपनांची पट्टी थोडी खाली ओढली, मग आणखी थोडी, आणि यंत्र त्यांच्या कानात परत बसवलं. मागच्या खोलीतून तिसरी ओळ येत होती. त्यांनी मान कलती करून ऐकलं. "हं. आता बघ कसा गोड वाटतोय. झाला ना दुरुस्त?" झाला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला तर त्यांना तिचे शब्द नीट लागेनात. त्या म्हणाल्या, "ही पोरगी आजकाल तोंडातल्या तोंडात बोलते." मी तिथेच उभी राहून वाटाणे सोलत होते. दोन वर्षांपूर्वीचा एक शब्द आता दुसऱ्या माणसाच्या कानापर्यंत पोचला होता. सासूबाईंची नात त्यांच्यापासून थोडी दूर गेली होती, आणि ते माझ्या बोटाने झालं होतं. वाटाणे सोलून झाले. मी सालं मोजली नाहीत एवढंच.

वर्तमानपत्रात गमतीच्या मैफलीवर लेख आला होता. समीक्षकाने लिहिलं होतं की एकोणीस वर्षांनी या विडंबनाला प्रौढत्व आलं आहे, हास्य अपेक्षित असलेल्या स्थळी शुद्ध स्वर लावून वादकाने आमच्या हसण्याच्या सवयीचंच विडंबन केलं आहे. नवऱ्याने ते कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. कापताना तो म्हणाला, "काय वाट्टेल ते लिहितात. मी तर नेहमीसारखंच वाजवलं." आणि मग माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न होता असं मला वाटलं. मी कात्री परत खणात ठेवली.

ग्रंथपाल एका दुपारी दवाखान्यात आले. त्यांचे कान ठणठणीत आहेत, ते दरवर्षी उगाच तपासून घेतात. तपासणी झाल्यावर खिशातून कागद काढून म्हणाले, "वहिनी, हे जरा वाचा. निरोपाच्या कार्यक्रमाचा मजकूर. तीन दिवस लिहितोय." मी वाचलं. 'सव्वीस वर्षे ज्यांनी निष्ठेने साथ केली त्या कलावंताचे वादन आज आपण प्रथमच एकट्याने ऐकणार आहोत.' पुढेही असंच, साधं, बरं होतं.

"चांगलंय की."

"नाही हो. हसू येतं." त्यांनी नाक ओढलं. "'निष्ठेने' म्हटलं की हसू येतं. 'प्रथमच' म्हटलं की येतं. आयुष्यभर थोरामोठ्यांच्या भाषेची टिंगल केली, आता मला एक वाक्य गंभीर लिहिता येत नाही. लिहितो ते सगळं माझीच नक्कल वाटतं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, छान जमलंय, कुणाची उडवलीय?" त्यांनी कागदाची घडी घातली, ती मोडली. "वहिनी, ती तिसरी ओळ. तो विनोद होता ना?"

मला वाटतं त्यांना माहीत होतं. निदान मी त्यांच्याकडे पाहत राहिले तेवढ्या वेळात त्यांना ते कळलं. पण विचारणाऱ्याच्या तोंडावर विनोदाची सवय इतकी बसलेली की खरा प्रश्नही डोळा मिचकावल्यासारखा दिसत होता, आणि मी त्याचाच फायदा घेतला. "नायकाला विचारा," मी हसून म्हटलं. ते उठले. दाराशी म्हणाले, "हसतील हो त्याला." मग मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

पहिली तालीम शुक्रवारी सकाळी होती, कार्यक्रम रविवारी. अकराच्या सुमारास ताईचा फोन आला, मागे वाद्यं लावण्याचा गलका. "वहिनी, नायकाला जरा समजवा ना. आज तरी गंमत नको. संचालकांनी दोनदा थांबवलं. पहिल्यांदा तेही हसले, दुसऱ्यांदा म्हणाले, 'बास आता, खरं वाजवा.' तर हा म्हणतो, 'खरंच वाजवतोय.' आणि ते असं काही तोंड करून म्हणाला, आम्ही सगळे मेलो हसून. पण आता म्हाताऱ्याला वाईट वाटलंय हो. त्यांचा शेवटचा कार्यक्रम. तुमचं ऐकतो तो."

"सांगते," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मी एका आजोबांच्या कानात नळी घालून पडदा पाहिला. तो मोत्यासारखा चकचकीत होता.

तो घरी आला तेव्हा बूट न काढता खुर्चीत बसला. "हसले," तो म्हणाला. "सगळे. सत्तर माणसं. मी त्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं काढली." त्याला राग आलेला नव्हता. वस्तू हरवल्यावर खिसे चाचपावेत तसा तो बोलत होता. "चूक माझीच. इतकी वर्षं माकड झालो, आता माणूस म्हणून कोण बघणार? उभा राहिलो की यांना पदक दिसतं." रात्री तो नीट जेवला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, किती गोड वाजवतोस हल्ली," आणि तो त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघून हसला की मी ताटं उचलायला घेतली.

हेच रविवारी होईल. पुढच्या रांगेत संचालकांची बायको, त्यांचे जुने विद्यार्थी, तो लेख लिहिणारा समीक्षक. कुणी दुष्ट नाही. त्यांना वाटेल तो त्यांच्यासाठीच करतोय, आणि ते प्रेमाने हसतील. तो वाजवत राहील, भुवई वर जाईल, खाली येईल. आणि त्याला कधीच कळणार नाही की तो चुकला, त्याला फक्त एवढंच कळेल की त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही. मी हे पदार्थविज्ञानाच्या प्रश्नासारखं मांडून पाहिलं. दिलेल्या गोष्टी, काढायची गोष्ट. उत्तर प्रत्येक वेळी एकच येत होतं आणि तरी मी पुन्हा मांडत होते. उत्तर आलं की वही मिटायची, एवढंच शाळेत शिकवलं होतं. ते उत्तर कुणाला तरी मोठ्याने सांगायचं असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याने मला मागच्या खोलीत बोलावलं. दोन खुर्च्या बाजूला सारल्या होत्या. "बस इथे. तू प्रेक्षक. सुराकडे लक्ष देऊ नकोस, सूर मी बघतो. तू फक्त माझा चेहरा बघ. कुठे नायक डोकावतोय का ते सांग. ओठ, भुवया, मान. आपण तो काढून टाकू."

मी बसले. त्याने हनुवटी टेकवली. त्याचा चेहरा मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो दिसायचा बंद झाला होता. आता सांगितलं म्हणून मी तो बघायला लागले. कपाळावर दोन आडव्या रेघा. डोळे उघडे, खाली वळलेले. ओठ सैल. पहिली ओळ. मान स्थिर. दुसरी ओळ. त्यात काही नायक नव्हता. कुणाची नक्कल नव्हती. तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस होता आणि त्याला जे सर्वांत सुंदर वाटतं ते तो जसंच्या तसं समोर ठेवत होता. तिसऱ्या ओळीत सूर वर चढला आणि जिथे थांबायचं त्याच्या जरा खाली थांबला. त्याच्या चेहऱ्यावर तो बरोबर होता. खाली पडलेला सूर आणि त्याच्यावर इतका निर्धास्त चेहरा, हे दोन्ही एकाच वेळी माझ्यासमोर होतं आणि माझ्या घशातून काहीतरी वर आलं. ते काय आहे हे कळायच्या आत मी तोंडावर हात ठेवला. ते हसू होतं. मला, त्याच्या बायकोला, हसू आलं होतं.

तो थांबला. गज खाली घेतला.

"तूही?"

मी हात काढला. माझी बोटं थंड होती आणि गाल गरम होते, आणि दोन्ही माझेच होते.

"चेहऱ्यात काय दिसलं ते सांग," तो म्हणाला. "मला वाईट वाटणार नाही. भुवई का?"

"चेहरा ठीक आहे."

"मग?"

बाहेर सासूबाई खुर्ची सरकवत होत्या. माझं दवाखान्यातलं वाक्य मला आठवलं, 'काळजी करू नका, पण'ने सुरू होणारं, आणि ते इथे चालणार नाही हेही कळलं. तो गज हातात धरून उभा होता आणि वाट बघत होता, माझ्याकडे उजवा कान करून. कदाचित बरेच दिवस तो असाच उभा राहत असेल.

"तू वरच्या सुरांना खाली जातोस," मी म्हटलं. "तुला ते बरोबर वाटतं, कारण तुझा डावा कान खराब झालाय. त्या रविवारीही लोक त्यालाच हसले. मला दोन वर्षं माहीत आहे, मी तुझ्याशी खोटं बोलले. उद्या तू वाजवायचं नाहीस."